"नो ग्रोथ" म्हणजे नक्की काय? जंतू ओळखणाऱ्या लॅबच्या आतून

अगरवाली | सोमवार, रात्री ९:४०

पाऊस सुरू झाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. फोटो तिरका, निम्मा कापलेला, खाली एकच ओळ : "जरा बघून सांग ना." मी परळ भागातल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही, एमएस्सी. त्यामुळे औषध कुठलं घ्यावं हे इथे कोणी विचारू नये, सांगणार नाही. पण रिपोर्टवरची ओळ कुठून येते ते सांगू शकते, आणि नेमकं तेच पेशंटला कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. सीबीसी संध्याकाळी हातात पडतो, मग कल्चरला तीन दिवस कशाला? सीबीसीत मशीन पेशी मोजून मोकळं होतं. कल्चरमध्ये आम्ही एक जिवंत गोष्ट वाढायची वाट बघत असतो आणि तिच्यावर कोणाचाही वशिला चालत नाही.

लघवीचंच घ्या. बाटली आली की त्यात ठरावीक मापाचा लूप (तारेचं बारीक कडं) बुडवायचा. त्यात मावते ०.००१ मिली. तेवढा थेंब प्लेटवर (जंतूंचं खाणं घातलेल्या अगरच्या बशीवर) ओढायचा आणि प्लेट रात्रभर ३५-३७ अंशाला इन्क्युबेटरमध्ये. सकाळी झाकण उघडून ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे मूळच्या एका जंतूची सगळी प्रजा, म्हणजे कॉलनी. १०० ठिपके आले तर मूळ लघवीत मिलीमागे १ लाख जंतू होते. रिपोर्टवर "१ लाखाहून जास्त" असं छापलेलं असतं ते या मोजणीतून. या १ लाखाच्या रेषेमागे १९५० च्या दशकातलं एडवर्ड कास यांचं काम आहे. लक्षणं असलेल्या बाईच्या बाबतीत त्याहून कमी आकडाही खरा असू शकतो, तेव्हा आकडा वाचून स्वतःच निकाल लावू नका.

मोजून झालं की ओळख. मॅककाँकी नावाच्या प्लेटवर लॅक्टोज खाणारे जंतू गुलाबी दिसतात. ई. कोलाय गुलाबी आणि कोरडा. क्लेबसिएला गुलाबीच, पण बुळबुळीत, लूप लावून वर उचलला तर पाकासारखी तार सुटते. स्यूडोमोनास लॅक्टोज खात नाही, मात्र अख्ख्या प्लेटला हिरवट झाक आणतो आणि त्याला गोडसर, द्राक्षासारखा वास असतो. प्रोटियस ब्लड अगरवर एका जागी बसतच नाही, लाटांसारखा सगळीकडे पसरतो आणि शेजारच्या कॉलन्या झाकून टाकतो. (वास मुद्दाम घ्यायचा नाही असा कडक नियम आहे. पण झाकण उघडल्यावर नाक काय करणार?)

मग कॉलनीचा कण स्लाइडवर घेऊन ग्रॅम स्टेन. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅमने काढलेली पद्धत आजही जवळजवळ तशीच वापरतो : जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. धुतल्यावरही जांभळा राहिला तो ग्रॅम पॉझिटिव्ह, जांभळा सोडून गुलाबी झाला तो ग्रॅम निगेटिव्ह. अल्कोहोलची पायरी काही सेकंदांची. जरा रेंगाळलात तर पॉझिटिव्हचाही रंग धुऊन जातो.

दुसऱ्या दिवशी नाव कळलं. आता त्याच जंतूचं पातळ मिश्रण नव्या प्लेटवर पसरून वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या, पुन्हा १६ ते १८ तास. चकतीभोवती जंतू वाढला नाही तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते मिलीमीटरमध्ये मोजायचं आणि तक्त्याशी ताडायचं. झाले तीन दिवस. मध्ये कोणी चहाला गेलेलं नसतं.

आता शीर्षकातला प्रश्न. "नो ग्रोथ" याचा अर्थ एवढाच : जे सॅम्पल आलं, त्यातून, आम्ही लावलेल्या प्लेटवर, आम्ही दिलेल्या वेळात काही वाढलं नाही. इन्फेक्शन नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सॅम्पल द्यायच्या आधी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील तर जंतू अर्धमेला असतो, प्लेटवर उगवत नाही. टीबीचा जंतू या प्लेटवर येतच नाही. लेप्टो (पुराच्या पाण्यातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा जंतू) येत नाही. व्हायरसला तर जिवंत पेशीच लागते. ई. कोलाय सगळं अनुकूल असेल तर २० मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्याच कामाला १५ ते २० तास लागतात. म्हणून एकाचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आणि दुसऱ्याचा कित्येक आठवड्यांनी.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन, या आठवड्यात सकाळची पाळी आहे.

---

मुलुंडचा_मन्या | सोमवार, रात्री ९:४४

पहिला! आता वाचतो.

---

सुलभा_पार्ले | सोमवार, रात्री १०:१५

छान लिहिलंयस. पण माझी तक्रार ऐकच. सासूबाईंचं लघवीचं कल्चर केलं, चांगले पैसे मोजून. रिपोर्ट आला "मिश्र वाढ, सॅम्पल पुन्हा पाठवा". लॅबचं नाव घेत नाही, पण काउंटरवरचा मुलगा म्हणे पुन्हा पूर्ण चार्ज पडेल. हा धंदाच नाही का?

---

अगरवाली | सोमवार, रात्री १०:४२

सुलभाताई, पैशाचं भांडण त्यांच्याशी जरूर भांडा, पण रिपोर्ट बहुधा प्रामाणिक आहे. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये साधारण एकच जंतू असतो, कधी दोन. प्लेटवर तीन-चार प्रकारच्या कॉलन्या आल्या तर ते कातडीवरचे आणि आजूबाजूचे जंतू बाटलीत उतरलेत असं धरतात. त्यातला कुठलाही एक उचलून रिपोर्ट दिला असता तर सासूबाईंना नको ते औषध गेलं असतं.

सॅम्पल कसं घेतलं ते विचारा. आधी पाण्याने पुढून मागे स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार थेट बाटलीत घ्यायची. बाटली लॅबनेच दिलेली, निर्जंतुक. घरची औषधाची बाटली उकळून वापरणारे लोक अजून आहेत. आणि घेतल्यापासून दोन तासांत लॅबमध्ये. जमत नसेल तर फ्रिजमध्ये. मुंबईच्या उकाड्यात पिशवीत घालून पार्ल्याहून दादरला फिरवलेली बाटली म्हणजे जंतूंसाठी चालता-बोलता इन्क्युबेटर. खरे दोन हजार असतील तर पोचेपर्यंत लाख होतात.

सासूबाईंना कॅथेटर असेल तर पिशवीतली लघवी घेऊ नका, ती शिळी असते. नळीवर सॅम्पलसाठी वेगळी जागा असते तिथूनच नर्सकडून घ्या.

---

सुलभा_पार्ले | सोमवार, रात्री १०:५०

कॅथेटर नाही. पण बाटली सकाळी सातला भरली आणि मुलगा न्यायला आला साडेअकराला. बोलते त्यांच्याशी.

---

डॉ_गल्लीबोळ | सोमवार, रात्री ११:२०

लेख उत्तम. आता नाण्याची दुसरी बाजू, माझी घाटकोपरात प्रॅक्टिस आहे. संध्याकाळी माणूस १०३ ताप घेऊन येतो, उद्या कामावर गेला नाही तर रोज बुडतो. त्याला मी "तीन दिवस थांब, जंतू उगवू दे" सांगू? अंदाजाने औषध द्यावंच लागतं. आणि कल्चरचा खर्च ऐकला की तो म्हणतो, त्यापेक्षा टायफॉइडची टेस्ट करा ना, दोनशे रुपयांत होते. मग विडाल लिहितो. शास्त्र मलाही माहीत आहे, ताई.

---

अगरवाली | मंगळवार, दुपारी ४:०५

डॉक, अंदाजाने औषध देण्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप क्रमावर आहे. आधी रक्त काढा, मग पहिला डोस द्या. त्याला पाच मिनिटं जास्त लागतात. उलट केलंत तर पुढचे पाच दिवस आमची बाटली मुकाट बसून राहते.

विडालवर मात्र भांडणारच. १८९६ सालची टेस्ट आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. आपल्याकडे टायफॉइड इतका मुरलेला आहे की ठणठणीत माणसाच्या रक्तातही थोड्या अँटिबॉडी सापडतात. कधीकाळी येऊन गेलेला टायफॉइड, लस, टायफॉइडच्याच कुळातला दुसरा सॅल्मोनेला जंतू, इतकंच काय मलेरियातही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तुमच्याकडे पेशंट येतो तेव्हा, अँटिबॉडी अजून तयारच झालेल्या नसतात. ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोन सॅम्पल घेऊन चौपट वाढ बघायची असा तिचा मूळ उपयोग. दुसरं सॅम्पल आणणारा पेशंट तुम्ही बघितलाय?

---

डॉ_गल्लीबोळ | मंगळवार, दुपारी ४:३०

नाही. पण ब्लड कल्चरही दर वेळी पॉझिटिव्ह येत नाही, हेही सांगा की.

---

अगरवाली | मंगळवार, संध्याकाळी ७:१२

येत नाहीच. टायफॉइडच्या शंभर खऱ्या पेशंटांत साधारण ६० जणांचं येतं. याचं मोठं कारण रक्ताचं माप. टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, कधी तोही नाही. मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिली रक्त पाहिजे, आणि आमच्याकडे दोन-तीन मिली येतं, कारण "एवढं रक्त कशाला" म्हणून नातेवाईक कलेक्शनवाल्याच्या अंगावर जातात. कमी रक्त म्हणजे जंतू सापडायची शक्यताही तेवढीच कमी.

बाटली मशीनमध्ये बसते. जंतू वाढला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, बुडाच्या सेन्सरचा रंग बदलतो आणि मशीन बोंबलतं. रात्री तीनला बोंबललं तर रात्री तीनला स्लाइड करून वॉर्डला फोन करायचा, ही गोष्ट थांबवून ठेवायची नसते. पण एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकोकस आला तर तो बहुतेक वेळा सुई टोचताना आत गेलेला असतो. म्हणून दोन वेगवेगळ्या जागी टोचून दोन संच मागतो. दोन्हींत तोच आला तर गंभीर.

---

मुलुंडचा_मन्या | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

वाचलं. दोनदा रक्त काढलं म्हणून मी एकदा नर्सला बोललो होतो. वाचनखूण साठवली.

---

ठाण्याचा_स्लाइडवाला | मंगळवार, रात्री ८:५५

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून बरीच वर्षं झाली, मलेरियाच्या स्लाइडा बघण्यात डोळे गेले. दोन गोष्टी जोडतो.

एक, मलेरियाला अजूनही स्लाइडच. एकाच काचेवर एक जाड थेंब, एक पातळ पसरवलेला. जाडात जास्त रक्त असतं त्यामुळे "आहे की नाही" ते लवकर कळतं, पातळात तांबड्या पेशी शाबूत राहतात त्यामुळे व्हायवॅक्स की फाल्सिपॅरम, मलेरिया कुठला ते कळतं. व्हायवॅक्स ज्या पेशीत शिरतो ती फुगते आणि तिच्यात बारीक गुलाबी ठिपके येतात. फाल्सिपॅरममध्ये पेशी फुगत नाही, नाजूक कड्या दिसतात, एकाच पेशीत दोन-दोन, आणि पुढे चंद्रकोरीच्या आकाराचे गॅमिटोसाइट (परजीवीचं पुढचं रूप). ते एकदा बघितले की माणूस विसरत नाही. पावसात दमट हवेमुळे जाड थेंब सुकतच नाही. घाई करून रंगात घातला तर अख्खा थेंब निसटून ट्रेमध्ये. त्यामुळे जुलैत "अजून रिपोर्ट नाही?" असा फोन आला की मी फक्त हं म्हणतो.

दुसरं, कार्ड टेस्ट. फाल्सिपॅरमची कार्डावरची रेघ औषध पूर्ण होऊन परजीवी मेल्यावरही काही आठवडे येत राहते, कारण ती त्याचं प्रथिन पकडते. लोक बरे झाल्यावर पुन्हा कार्ड करतात, रेघ बघून घाबरतात आणि पुन्हा औषध मागतात. बरं झालंय का ते बघायचं तर स्लाइडच करा.

---

नाना_लालबाग | मंगळवार, रात्री १०:१०

वाचतोय. आमच्या लहानपणी चिंचपोकळीच्या कस्तुरबाचं नाव घ्यायचं म्हणजे घरात कुजबुज. साथीचं हॉस्पिटल. २०२० मध्ये मुंबईतल्या कोविडच्या पहिल्या तपासण्या तिथेच झाल्या तेव्हा नातवाला म्हटलं, बघ, आमचं साथीचं हॉस्पिटल.

परळ-लालबागच्या लोकांना विसर पडलाय म्हणून थोडा इतिहास. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठी आलेले तापाचे रुग्ण बघून "हा प्लेग" असं सांगितलं, तेव्हा फार जणांना ते पटलं नव्हतं. प्लेगचा जंतू हाँगकाँगला येर्सिनने सापडवून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मग जंतुशास्त्रज्ञ हाफकिन आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात तोडक्यामोडक्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली, तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. आमचे वडील गिरणीत जाताना त्या भिंतीवरून जायचे.

---

अगरवाली | मंगळवार, रात्री १०:३४

नाना, भारी! एक भर घालते. १८९७ मध्ये जर्मन सरकारचं प्लेग कमिशन मुंबईत आलं होतं, त्यात टीबीचा जंतू शोधणारे खुद्द रॉबर्ट कॉख होते. गाठीतला द्रव सुईने ओढून स्लाइडवर रंगवला की प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो. पुस्तकात अजून पहिल्यांदा तेच चित्र असतं.

---

टीवाय_मायक्रो | बुधवार, सकाळी ११:२०

ताई, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला अजून जंतू ओळखायच्या नळीतल्या जुन्या टेस्ट, म्हणजे इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी, सायट्रेट, पाठ करायला लावतात. सर म्हणतात मोठ्या लॅबमध्ये आता मशीन दहा मिनिटांत नाव सांगतं. मग हे कशाला?

---

अगरवाली | बुधवार, दुपारी ४:२०

सर बरोबर आहेत. त्या मशीनला माल्डी-टॉफ म्हणतात. कॉलनीचा कण धातूच्या प्लेटवर चोळायचा, वर एक रसायन, मग लेझर. जंतूची प्रथिनं, मुख्यतः रायबोसोमची, वजनाप्रमाणे उडतात आणि त्यांचा एक आलेख मिळतो. मशीन तो साठवलेल्या आलेखांशी जुळवून नाव सांगतं. पण कॉलनी आधी उगवावी लागते, ती रात्र काही वाचत नाही.

आता तुझ्या इंडोलची गोष्ट. ई. कोलाय आणि शिगेला हे इतके सख्खे आहेत की हे मशीन दोघांत गडबडतं. एक पोटात गुपचूप राहणारा, दुसरा रक्ताची हगवण लावणारा. त्यांना वेगळं करायला शेवटी जुन्या नळ्या आणि अँटिबॉडी असलेलं सिरमच काढावं लागतं. क्लेबसिएलाच्या बाबतीतही इंडोल निगेटिव्ह की पॉझिटिव्ह यावर दोन वेगळी नावं पडतात. तेव्हा पाठ कर. तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

अवांतर : माझ्या आयडीबद्दल दोघांनी व्यनि (खासगी निरोप) केला. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, समुद्री शेवाळातलं. कॉखच्या लॅबमध्ये आधी जिलेटिन वापरायचे, ते उबेत वितळायचं आणि काही जंतू ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेची बायको फॅनी हिने १८८१ च्या सुमारास स्वयंपाकघरातलं अगर सुचवलं. तिच्या नावाने काहीच नाही, पेट्रीच्या नावाने मात्र डिश आहे.

---

निशाचर_डोंबिवली | बुधवार, रात्री ११:५०

उशिरा लिहितोय, माफी. भावाच्या मानेवर गाठ आहे, वय २६. डॉक्टरांनी रक्ताची टीबी गोल्ड करायला लावली, पॉझिटिव्ह आली. घरात रडारड चालू आहे. टीबी नक्की का?

---

अगरवाली | गुरुवार, सकाळी ६:१५

ड्यूटीवर निघता निघता लिहितेय, कारण हे महत्त्वाचं आहे.

टीबी गोल्ड सांगते की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडलीय. आत्ता आजार आहे का हे ती सांगत नाही. आपल्या देशात जंतू अंगात झोपलेला असणारे असंख्य लोक आहेत, त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. याहून वाईट म्हणजे रक्तातल्या टीबीच्या अँटिबॉडीच्या टेस्ट, त्यांच्यावर सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली. अजून कोणी "रक्तातून टीबी आयजीजी" करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

भावाच्या बाबतीत उत्तर गाठीतच आहे. सुईने द्रव किंवा तुकडा काढतील. काढण्याआधी डॉक्टरांना विचारा की तुकड्याचा एक भाग सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला जाणार आहे ना. सवयीने अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर होऊच शकत नाही. पॅथॉलॉजिस्ट "टीबीसारखं दिसतंय" एवढं सांगू शकतो, पण कुठलं औषध लागू पडेल ते कोणीच सांगू शकत नाही. दुसऱ्यांदा गाठ कापायला लागलेले पेशंट आम्ही बघतो.

सलाइनमधल्या तुकड्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल. सीबीनॅट दोनेक तासांत टीबीचा डीएनए आहे का आणि रिफाम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) दाद न देणारा आहे का, दोन्ही सांगतं. ट्रूनॅट गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, त्यात रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप लावावी लागते. सोबत एमजीआयटी (नळीतल्या द्रवातलं टीबीचं) कल्चर लावायचं, ते ४२ दिवसांपर्यंत ठेवतात. निगेटिव्ह म्हणायला पूर्ण ४२ दिवस, पॉझिटिव्ह बरेचदा त्याआधीच कळतं.

महापालिकेच्या टीबी केंद्रात हे फुकट होतं.

---

निशाचर_डोंबिवली | गुरुवार, सकाळी ७:०२

ताई, खूप आभार. उद्याच सर्जनकडे जातोय. सलाइनचं कागदावर लिहून घेतलं.

---

डॉ_गल्लीबोळ | गुरुवार, दुपारी १:४०

सलाइनच्या मुद्द्याला +१००. मुंबईत टीबीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध लागू पडतं ते, न बघता औषध चालू ठेवणं परवडणारं नाही. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजामधल्या डॉक्टरांनी कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण छापले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. सरकारने नाव मान्य केलं नाही, पण त्यानंतर शहरात तपासणीची यंत्रं वाढली हे खरं. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही प्रत्येक टीबी पेशंट सरकारला कळवणं सक्तीचं आहे. काही भाऊबंद अजून टाळतात, पेशंट तुटेल म्हणून.

---

ठाण्याचा_स्लाइडवाला | गुरुवार, दुपारी ३:१५

थुंकीची स्लाइडही लिहा कोणीतरी. लोक डबीत पांढरा फेस आणून देतात. ती लाळ. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन छातीतून खोकून आलेला बेडका पाहिजे. मायक्रोस्कोपखाली गालाच्या पेशीच पेशी दिसल्या की कळतं, हा घशाच्या खाली गेलेलाच नाही. आणि स्लाइडवर टीबी दिसायला एका मिलीत ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्यामुळे स्लाइड निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असं नाही.

---

अगरवाली | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

बरोबर. सीबीनॅटला मिलीत सव्वाशेच्या आसपास पुरतात, कल्चरला त्याहूनही कमी. पण सीबीनॅट मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतं, म्हणून औषधाचा गुण येतोय का ते बघायला पुन्हा सीबीनॅट करून उपयोग नाही. तिथे स्लाइड आणि कल्चर.

---

कुर्ला_पूर्व | गुरुवार, रात्री ९:०५

गेल्या आठवड्यात कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलो, पायाला जखम होती. तीन दिवसांपासून ताप, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल. लेप्टो आयजीएम निगेटिव्ह आली, डेंग्यू एनएस-१ पण निगेटिव्ह. म्हणजे व्हायरलच ना?

---

अगरवाली | गुरुवार, रात्री ९:११

भाऊ, धागा बंद करा आणि आत्ता हॉस्पिटलला जा. "पाण्यातून आलो, पायाला जखम होती" हे पहिल्या वाक्यात सांगा. लेप्टोच्या आयजीएम अँटिबॉडी तापाच्या पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास येतात, तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हला अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) चालतं, पण डॉक्टर बहुतेक त्याचीही वाट न बघता औषध सुरू करतील, आणि करायलाच हवं. जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने लेप्टोची किती मोठी साथ बघितली ते आठवा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर एक मिनिटही घालवू नका.

बाकीच्यांसाठी : डेंग्यूचंही असंच. एनएस-१ (व्हायरसचं प्रथिन) पहिल्या पाचेक दिवसांत, आयजीएम त्यानंतर. चुकीच्या दिवशी योग्य टेस्ट केली तरी उत्तर चुकतं, त्यामुळे फॉर्मवर ताप कधी सुरू झाला ती तारीख लिहा. तो रकाना दहातले नऊ जण रिकामा सोडतात.

---

कुर्ला_पूर्व | शुक्रवार, दुपारी १२:३०

ॲडमिट केलंय. सलाइन आणि इंजेक्शन चालू आहे. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) थोडं वाढलंय म्हणाले. धन्यवाद.

---

सुलभा_पार्ले | शुक्रवार, संध्याकाळी ५:४०

काळजी घ्या हो.

सासूबाईंचं दुसरं सॅम्पल मी स्वतः नेऊन दिलं. ई. कोलाय, १ लाखाहून जास्त. आता खाली औषधांची यादी आहे, प्रत्येकासमोर आकडा. सिप्रोसमोर १ आणि शेवटी आर. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर १६ आणि एस. यजमान म्हणतात आकडा कमी तेच औषध जोरदार, तर मग सिप्रो का नाही?

---

अगरवाली | शुक्रवार, रात्री ८:२५

यजमानांना सांगा, या एका गैरसमजापायी आमचे फोन वाजतात. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. पण प्रत्येक औषधाची पास-नापासची रेषा वेगळी असते, कारण प्रत्येक औषध शरीरात वेगवेगळ्या प्रमाणात पोचतं. ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइन ३२ पर्यंत पास, सिप्रो १ ला नापास. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत. फक्त एस (लागू पडतं), आय (मधलं), आर (लागू पडत नाही) बघायचं, आणि एस असलेल्यातून निवड डॉक्टरांची. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं म्हणून मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चालतं. किडनीपर्यंत गेलं असेल, थंडी वाजून ताप येत असेल, तर त्याचा उपयोग नाही. सासूबाईंना ताप आहे का ते डॉक्टरांना सांगा.

आणखी एक. टायफॉइडच्या जंतूवर चकती लावली तर अमिकासिनभोवती छान वर्तुळ येतं, पण पेशंटला ते दिलं तर गुण येत नाही, कारण तो जंतू पेशींच्या आत लपतो. म्हणून चांगली लॅब ते औषध रिपोर्टवर छापतच नाही. यादी आखूड दिसली तर लॅबने कंजुषी केली असं समजू नका.

---

डॉ_गल्लीबोळ | शनिवार, सकाळी १०:०५

माझा शेवटचा प्रश्न. मधुमेही पायाच्या जखमांचे स्वॅब पाठवतो, दर वेळी चार-पाच जंतूंची यादी येते. कोणाला मारायचं?

---

अगरवाली | शनिवार, दुपारी २:५०

वरवरचा स्वॅब पाठवलात तर कातडीवर बसलेली सगळी वस्ती येणार. जखम आधी सलाइनने धुवा, मेलेला भाग काढा आणि मग तळातून खरवडलेला तुकडा निर्जंतुक डबीत पाठवा. पू साठलेला असेल तर सिरिंजने ओढा. स्वॅबवर जेमतेम थेंबभर पू मावतो आणि हवेत मरणारे जंतू वाटेतच जातात, सिरिंजमध्ये टिकतात. फक्त सुई काढून टोपण लावून पाठवा, डॉक. सुईसकट आलेली सिरिंज आमच्याकडे दारातूनच परत जाते.